गाडी मोठी, चाक केवढे?

दसरा किंवा दिवाळीचा पाडवा आला, की नव्या मोटारीच्या चाकाखाली लिंबे ठेवण्याची गडबड गावोगावी सुरू होते. गाडीला झेंडूचा हार चढतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, नारळ फुटतो आणि घरची कर्ती बाई ओवाळून बाजूला झाली, की गाडी पुढे सरकते. लिंबे चिरडल्याचा आवाज सर्वांना ऐकू येतो. पण ज्या चाकाने ती चिरडली त्याच्याकडे क्वचितच कोणी निरखून पाहते. रंग पांढरा घ्यावा की काळा, बैठकीला कातडे असावे की कापड, छताला काच हवी की नको, यांवर त्या घरात महिनाभर खल झालेला असतो. चाकाचे माप मात्र विक्रेत्याने सांगितले तेच मुकाट्याने घेतलेले असते; आणि विक्रेता बहुधा मोठेच माप सांगतो.

वाचकहो, साऱ्या गाडीत जमिनीला टेकणारी वस्तू ती एकच. एकेका टायरचा जेवढा भाग कोणत्याही क्षणी रस्त्याला टेकलेला असतो, तो साधारण पसरलेल्या पंजाएवढा. दोन-अडीच टन वजनाची, लाखो रुपयांची मोटार आणि तीत बसलेले अवघे कुटुंब अशा चार पंजांवर धावत असते. तेव्हा चाकाच्या मापाचा प्रश्न केवळ हौसेचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध त्यांच्या नावांच्या व्युत्पत्तीपुरता. तरीही हा विषय मी हाती घेतला, कारण आमच्या घरात या प्रश्नावरून चांगला पंधरा दिवस वाद चालला होता. आणि त्याच्या निकालावर एका वृद्ध बाईची पाठ अवलंबून होती.

लोणंदचा रस्ता आणि आमची काकू

पुण्याहून सासवड-जेजुरीवरून खाली येऊन नीरा नदी ओलांडली, की सातारा जिल्हा लागतो आणि थोड्याच वेळात लोणंद येते. कांद्याची मोठी पेठ म्हणून आणि पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्टेशन म्हणून हे गाव पुष्कळांना ठाऊक असेल. वारकऱ्यांना ते निराळ्याच कारणाने ठाऊक आहे. माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालून पालखी लोणंदला मुक्कामी येते आणि इथून तरडगावकडे जाताना चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण होते. याच वाटेचा रुंद पालखी मार्ग करण्याच्या कामाची पायाभरणी २०२१ च्या नोव्हेंबरात झाली. पण कोणताही महामार्ग आपल्या दारापर्यंत येत नसतो. महामार्ग सोडून पेठेत, वाडीवर, शेतावर वळले, की कांद्याचे ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, जागोजागचे गतिरोधक आणि पावसाळ्यानंतर उघडे पडलेले खड्डे यांच्याशीच आपली गाठ असते.

माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, लोणंदला कांद्याची अडत चालवतात. त्यांची आई, म्हणजे माझी काकू, आता एकोणऐंशी वर्षांची आहे. हाडे ठिसूळ होऊन तिचे पाठीचे दोन मणके दबले आहेत. दर महिन्याला तिला तपासणीसाठी पुण्याला न्यावे लागते. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली नाही. एवढेच बजावले, की गचके बसता कामा नयेत. जुन्या गाडीतून पुण्याला जाऊन आली, की काकू दोन दिवस अंथरुणातून उठत नसे. तेव्हा अण्णांनी ठरवले, की आयुष्यात एकदाच घ्यायची, पण चांगली गाडी घ्यायची. ज्यांना हल्ली ‘एस. यू. व्ही.’ म्हणतात त्या उंच, भारदस्त मोटारींपैकी एक त्यांनी पसंत केली.

गाडीविषयी घरात एकमत होते. मतभेद झाला तो चाकावर. त्या गाडीला दोन मापांची चाके मिळत होती: साध्या प्रकाराला १९ इंची आणि वरच्या प्रकाराला २१ इंची. अण्णांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो म्हणाला, “अण्णा, एवढी गाडी घ्यायची आणि चाके लहान? हत्तीला शेळीचे पाय लावल्यासारखे दिसेल.” पुण्याच्या दुकानातल्या विक्रेत्यानेही त्याचीच री ओढली आणि वर सांगितले, की मोठे चाक खड्ड्यांत चांगले. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, “तू शिकलेला माणूस. मोठे चाक खड्ड्यात चांगले, हे खरे का?”

मोठे म्हणजे कोठे मोठे?

विक्रेत्याचे वाक्य एका अर्थी अगदी खरे आहे, आणि आपल्या जुन्या सुतारांना ते कोणी शिकवावे लागले नव्हते. जुन्या बैलगाडीचे चाक पाहा. ते माणसाच्या छातीपर्यंत येई. सुतार मधला तुंबा घडवी, त्यात आरे ठोकी, आऱ्यांभोवती लाकडाचे कडे बसवी. मग लोहार लोखंडी धाव तापवून लाल करी आणि चाकावर चढवून वर पाणी ओती, की ती आकसून लाकडाला आवळून बसे. एवढे मोठे चाक करण्यात लाकूड पुष्कळ जाई, मेहनतही पडे. तरी ते मोठेच करीत, कारण मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते.

थोडा हिशेब करू. समजा, वाटेत ४० सेंटिमीटर लांबीचा खड्डा आहे आणि चाक कडक आहे. १४० सेंटिमीटर व्यासाचे बैलगाडीचे चाक त्यात सुमारे ३ सेंटिमीटर उतरेल. ८१ सेंटिमीटर व्यासाचे मोठ्या मोटारीचे चाक ५ सेंटिमीटरांहून थोडे अधिक उतरेल. आणि ६० सेंटिमीटर व्यासाचे छोट्या मोटारीचे चाक साडेसात सेंटिमीटर खाली जाईल. गचका कोणाला किती बसणार हे यावरून उघड आहे.

पण खरी मेख पुढे आहे. विक्रेता ज्याला १९ आणि २१ इंच म्हणतो, ते साऱ्या चाकाचे माप नव्हेच. ते माप आतल्या धातूच्या रिमचे. एकाच गाडीला कंपनी जी निरनिराळी मापे देते, त्यांत टायरसकट चाकाचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच ठेवलेला असतो. लँड रोव्हरच्या डिफेंडर गाडीचे उदाहरण घ्या. तिच्या १८ इंची रिमवर २५५/७० मापाचा टायर बसतो. बाहेरचा व्यास होतो ८१४ मिलिमीटर. २० इंची रिमवर २५५/६० मापाचा. व्यास पुन्हा ८१४. २२ इंची रिमवर २७५/४५ मापाचा. व्यास ८०६, म्हणजे झालाच तर थोडा कमी! आपल्या रस्त्यांवर पुष्कळ दिसणाऱ्या टोयोटा फॉर्च्युनरची १७ आणि १८ इंची चाकेही तशीच: एकाचा व्यास ७७६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ७७५.

म्हणजे खड्ड्याच्या दृष्टीने चाक मोठे झालेच नाही. रिम वाढली, आणि तेवढीच तिच्याभोवतीची रबराची कड आखूड झाली. डिफेंडरच्या १८ इंची चाकात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर व हवा यांचा १७८ मिलिमीटरांचा थर आहे. २२ इंचीत तो १२४ वर येतो. फरक ५४ मिलिमीटरांचा, म्हणजे आपली तीन बोटे आडवी धरली तर होतो तेवढा. सुतार चाक मोठे करी तो वाटेसाठी. दुकानातले चाक मोठे होते ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी.

काकूचे गवत

रिम आणि रस्ता यांमधली ती हवा काय काम करते, हे मी अण्णांना समजावून सांगत होतो. टायरला हवा प्रथम कशासाठी भरली गेली, याची हकीकत मोठी बोलकी आहे. रॉबर्ट विल्यम थॉम्सन या स्कॉटिश माणसाने घोडागाडीसाठी हवा भरलेल्या चाकाचे पेटंट १८४५ साली घेतले. पण ती कल्पना तेव्हा मागे पडली. पुढे १८८८ साली बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी नळी बसवली. भरीव चाकांवर मुलाला दगडी रस्त्याचे हादरे बसत, ते कमी व्हावेत एवढाच हेतू. साऱ्या जगाचा टायरधंदा ज्यातून उभा राहिला, त्याच्या मुळाशी एका बापाची ही काळजी होती.

आपल्या भागातही हे घडलेले आहे. सोमेश्वरनगर, साखरवाडी अशा कारखान्यांना ऊस नेणारी टायरची बैलगाडी पाहा. तिचे चाक जुन्या लाकडी चाकापेक्षा चांगलेच बुटके. तरीही कठीण सडकेवर ती बैलांना ओढायला हलकी जाते, कारण उंचीत जे गमावले ते हवेने भरून काढले. खड्ड्यावर असे दोनच उतारे माणसाला सापडले आहेत: चाकाची उंची आणि चाकातली हवा. नुसती रिम वाढवल्याने यांपैकी एकही मिळत नाही. उलट दुसरा थोडा हातचा जातो.

अण्णांच्या गाडीपुरते पाहिले, तर १९ इंचीला टायरची कड १२९ मिलिमीटर होती आणि २१ इंचीला १०२. पुतण्या म्हणाला, “काका, एका इंचाने असा काय फरक पडणार आहे?”

कोपऱ्यात पाठीला उशी लावून बसलेली काकू इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, “आरं, मला पैल्या बाळंतपणाला म्हायेरी न्यायची म्हनून गाडी जुंपली, तवा तुज्या पणज्यानं गाडीत हातभर गवात पसरून वर गोधडी टाकली व्हती. म्हनला, पोर अवघडल्याली हाय, धक्का लागता कामा न्हाई. चाक केवढं बी असू दे बाळा, बुडाखाली गवात किती हाय ते बघावं.”

टायरशास्त्रावरचे याहून स्वच्छ वाक्य मी वाचलेले नाही. टायरमधली हवा हेच ते गवत. १२९ चे १०२ झाले, म्हणजे गाडीखालचे पाचवा हिस्सा गवत काढून घेतले.

आता गाडीला पाटे, स्प्रिंगा, शॉक अॅब्सॉर्बर असतात; महाग गाड्यांत तर हवेच्या पिशव्यांवर गाडी तोललेली असते. मग टायरच्या कडेचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर असे, की स्प्रिंग गाडीला सावरते, पण चाक स्वतः स्प्रिंगच्या खाली असते. रस्त्याचा बारीक खरखरीतपणा, डांबराच्या तुटक्या कडा, पुलाच्या सांध्यावरचा ठोका हे सारे आधी टायरने गिळायचे असते. शिवाय रिम मोठी केली, की चाक बहुधा जडही होते. आणि जड चाक खड्ड्यातून वर उसळले, की त्याला आवरायला स्प्रिंगला अधिक कष्ट पडतात.

फुगा कसा येतो?

प्रश्न केवळ सुखाचा असता, तर तरुणांनी तो हसण्यावारी नेला असता. तो सुरक्षिततेचाही आहे. चाक वेगाने खड्ड्याच्या कडेवर आदळते तेव्हा टायर क्षणभर चेपतो. कड पुरेशी उंच असेल, तर तो चेपून पुन्हा फुलतो. कड आखूड असेल, तर रबर खड्ड्याची धार आणि रिमची धार यांच्या चिमट्यात सापडते. आतले धागे तुटतात आणि टायरच्या बाजूला फुगा येतो. कधी रिमच वाकते किंवा तडकते आणि हवा निसटू लागते. फुगा आलेला टायर पंक्चरवाल्याकडे नेऊन बरा होत नाही. तो टाकावाच लागतो. आणि ठोका किती बसणार हे वेगाच्या वर्गावर ठरते: ताशी ४० ऐवजी ६० च्या वेगाने गेलात, तर दीडपट नव्हे, सव्वादोन पट. रात्रीच्या वेळी, घाटात, पाऊस चालू असताना असा टायर फुटला, तर काय प्रसंग ओढवेल हे सांगायला नको.

खर्चाचाही विचार करावा. मोठ्या रिमचे, आखूड कडेचे टायर महाग असतात. या वर्गातल्या गाडीचे चारी टायर बदलायचे म्हटले, तर त्या पैशांत एखादी चांगली स्कूटर येईल. शिवाय असे माप लोणंद-फलटणसारख्या गावी दुकानात तयार मिळेलच असे नाही. पुण्याहून मागवावे लागते, आणि तोवर गाडी दारात उभी.

दुसरी बाजू

एवढे वाचून कोणी असे समजू नये, की मोठी रिम देणाऱ्या कंपन्या अडाणी आहेत किंवा लबाड आहेत. रेंज रोव्हर ही गाडी १९७० साली प्रथम बाजारात आली तेव्हा तिची रिम १६ इंची होती. आज त्याच नावाच्या गाडीला २३ इंचांपर्यंत मिळते. गेल्या अर्धशतकात गाड्या जड झाल्या, वेगवान झाल्या. त्यांना थांबवायला मोठ्या थाळीचे ब्रेक लागतात, आणि ते सामावून घ्यायला रिमही मोठी लागते. म्हणून प्रत्येक गाडीला एक किमान माप असते. त्याहून लहान रिम ब्रेकलाच अडते. दुसरे असे, की आखूड कडेचा टायर वळणावर कमी लचकतो. स्टिअरिंग फिरवताच गाडी चटकन वळते. ज्याचा प्रवास बहुतांशी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या सपाट रस्त्यावर होतो, जो स्वतः गाडी हाकतो आणि ज्याला वेगाची गोडी आहे, त्याला मधले किंवा मोठे माप आवडले तर त्यात काही चूक नाही. तिसरी गोष्ट दिसण्याची. मोठ्या रिमची गाडी डौलदार दिसते, हे मीही नाकारत नाही. हौस ही काही पाप नव्हे. फक्त तिची किंमत कोण मोजतो ते पाहावे. पुढे बसणाऱ्याच्या हौसेची किंमत मागे बसणाऱ्याच्या पाठीने मोजू नये.

टायरवरची बाराखडी

दुकानात जाण्यापूर्वी टायरवरची अक्षरे वाचायला शिकावे. समजा, त्यावर ‘२३५/५५ आर १९ १०५ व्ही’ असे छापले आहे. पहिले २३५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरांत. ५५ म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा ५५ एवढी कडेची उंची. २३५ चे ५५ टक्के म्हणजे १२९ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल, ज्या बांधणीचे पेटंट फ्रान्सच्या मिशलिन कंपनीने १९४६ साली घेतले. १९ हा रिमचा व्यास, इंचांत. १०५ हा भाराचा आकडा. त्याचा अर्थ एक टायर ९२५ किलो पेलू शकतो. आणि ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटरांपर्यंतच्या वेगाला मान्यता. रुंदी मिलिमीटरांत, उंची टक्क्यांत आणि रिम इंचांत! कर्ता संस्कृत, कर्म फारसी आणि क्रियापद इंग्रजी असे वाक्य विद्यार्थ्याने लिहिले, तर आम्ही लाल रेघ ओढू; टायरवाल्यांनी मात्र ते जगभर चालवले आहे.

पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार करून शंभराने भागा. आलेला आकडा म्हणजे तुमचे गवत. दोन मापांची तुलना करताना एवढा एक हिशेब केला तरी पुष्कळ झाले.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कंपनीच्या पुस्तिकेत जी मापे दिलेली आहेत, त्यांपैकीच एक निवडावे. बाहेरून भलतेच माप बसवले आणि चाकाचा व्यास बदलला, तर वेगदर्शक काटा खोटे बोलू लागतो: व्यास शेकडा ३ ने वाढला, तर काटा १०० दाखवील तेव्हा गाडी १०३ ने पळत असेल. भाराचा आकडा कंपनीने सांगितल्याहून कमी असलेला टायर कधीही घेऊ नये. चारी चाकांना शक्ती जाणाऱ्या गाडीत चारी टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले असावेत. नाहीतर आतल्या दातेरी चाकांवर ताण येतो. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर पकड देतो, पण साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगू पाहतो. तेव्हा पावसाळ्याआधी नक्षीची खोली पाहावी. नियमाने ती १.६ मिलिमीटरांहून कमी चालत नाही. विजेवर चालणारी गाडी घेत असाल, तर एका भरणीत ती किती जाईल याचा आकडा चाकाच्या मापागणिक विचारा. मोठ्या रिमला तो बहुधा कमी असतो.

आणि हवा! चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली असते. रिकाम्या गाडीला किती हवा, भरलेल्या गाडीला किती, पुढे किती, मागे किती, हे तीवर लिहिलेले असते. पेट्रोलपंपावरच्या पोराच्या अंदाजापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवावा. हवा गाडी थंड असताना मोजावी. गाडी मऊ चालावी म्हणून हवा कमी ठेवण्याची युक्ती पुष्कळजण सांगतात. ती ऐकू नये. कमी हवेचा टायर तापतो आणि खड्ड्यात लवकर चिमटला जातो. गवत हवे असेल, तर ते कडेच्या उंचीत घ्यावे.

स्टेपनी आहे का?

जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. हा शब्द ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातून आलेला आहे. लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास अशी जादा चाके तयार होऊ लागली. त्या गल्लीचे नाव आपल्या पंक्चरवाल्यांच्या तोंडी कायमचे बसले. परंतु आजच्या पुष्कळ महाग गाड्यांत स्टेपनी असते ती बारीक, तात्पुरती. तिच्यावर बहुधा ताशी ८० च्या पुढे जायचे नसते. काही गाड्यांत तर ती नसतेच. ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचे साहित्य आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असल्यास प्रवासी मोटारीला स्टेपनी न ठेवण्याची मुभा २०२० साली नियमांत मिळाली. काही कंपन्या हवा गेली तरी थोडे अंतर चालणारे टायर देतात. पण त्यांची कड मुद्दाम ताठ केलेली असते, म्हणजे पुन्हा गवत कमीच. दुरुस्तीच्या साहित्याने खिळ्याचे भोक बुजते; चिमट्यात फाटलेली कड बुजत नाही. सालप्याच्या घाटात रात्री ही गोष्ट कळण्यापेक्षा दुकानात कळलेली बरी.

निकाल

अण्णांनी शेवटी काय केले, हे वाचकांना सांगितले पाहिजे. दुकानातली दाखवण्याची गाडी २१ इंचीची होती. तीच गाडी १९ इंची चाकांची फलटणच्या एका परिचितांकडे निघाली. आम्ही दोन्ही गाड्या लोणंदच्या बाहेरच्या एकाच उखडलेल्या रस्त्यावर, एकाच वेगाने, चिठ्ठीप्रमाणे हवा भरून नेल्या. मागच्या बैठकीवर काकू, तिच्या शेजारी मी. पुढे बसून परीक्षा घेण्यात अर्थ नव्हता, कारण रोगी मागे बसणार होता. पहिल्या गाडीत काकूने दारावरची मूठ धरली ती रस्ता संपेपर्यंत सोडली नाही. दुसऱ्या गाडीत खड्डे तेच होते, ते जाणवलेही. पण मूठ तिने अधूनमधूनच धरली. खाली उतरल्यावर ती एवढेच म्हणाली, “ही बरी.”

पुतण्या पुढे चालवत होता. त्याने आरशातून आजीचा हात पाहिला होता. त्यानंतर त्याने २१ चे नाव काढले नाही.

विक्रेत्याने प्रथम सांगितले, की वरच्या प्रकाराला लहान रिम मिळणार नाही. अण्णा अडत्या आहेत; ‘नाही’ हा शब्द ते भावाची सुरुवात समजतात. कंपनीच्या पुस्तिकेत त्या प्रकारालाही १९ इंची माप मान्य असल्याचे पान पुतण्यानेच काढून समोर ठेवले, आणि गाडी ताब्यात येण्यापूर्वी चाके बदलून मिळाली. विम्याच्या कागदावरही तशी नोंद करून घेतली.

काकूचे मणके चाकाने बरे झाले, असे मी म्हणणार नाही. ते काम औषधाचे. पण पुण्याहून परतल्यावर ती आता दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तुळशीला पाणी घालायला येते. या पाडव्याला ज्यांच्या घरी मोठी गाडी यायची असेल, त्यांनी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या किंवा सर्वांत दुखऱ्या माणसाला घेऊन एकदा दुकानात जावे, त्याला मागे बसवावे आणि आपल्या नेहमीच्या खराब रस्त्यावर एक फेरी मारून यावे. मग माप त्यालाच विचारावे.